दोन मुठी मॅगसल्फ

मृण्मयीनं पुण्याहून पाठवलेली बरणी
चार महिने फ्रीजवर होती, जुन्या कॅलेंडरांना टेकून.
झाकणावर जांभळी फुलं. आत खडे.
सोबत चिठ्ठी: आत्या, पाय बुडवून बस.
वीस मिनिटं. काहीही करू नकोस.

काहीही न करण्याचा डोस
मला कुणी लिहून दिला नव्हता यापूर्वी.

मिरजेत दुपारचे साडेतीन.
मॉर्निंग ड्यूटी संपवून आलेय, साडीची पिन अजून खांद्यावर.
गिझर गळतो म्हणून पाणी गॅसवर,
मग टबात कोपर बुडवून पाहिलं,
बाळाच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं.
टब तोच, ज्यात गोधड्या भिजतात.
दोन मुठी टाका, म्हणते बरणी.
कुणाच्या मुठी, ते लिहिलेलं नाही.

वास आला. फिनेलला कुणी
लग्नासाठी नटवावं, तसा.

मग सवयीनं बरणी फिरवून बारीक अक्षरं वाचली,
आधी एक्स्पायरी, मग घटक.
मॅग्नेशियम सल्फेट.

अगं बाई. हे तर आपलं मॅगसल्फ.

ज्याच्या अँप्यूल मी लाइट गेलेली असताना फोडल्यात,
दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल,
मग गुडघ्यावर हातोडी, श्वास मोजायचे,
लघवीची पिशवी बघायची,
आणि झटका परत येऊ नये म्हणून
प्रभूला सांगायचं, तोंडातल्या तोंडात.

निलव्वा जतकडून आली होती, जीपच्या मागच्या बाकावर आडवी.
आठवा महिना, डोळे फिरलेले,
आणि पाय इतके सुजलेले
की जोडवी मांसात रुतून बसलेली.
डॉक्टर बीपीचे आकडे ओरडत होते
आणि मी तिच्या पायाशी, साबण आणि दोरा घेऊन
एकेक वेढा सोडवत.
तीन निघाली. चौथं कापावं लागलं.

वाचली. मुलगीही वाचली, दीड किलोची.
घरी नेताना नवऱ्यानं गडबडीत सगळं उचललं,
चादर, प्लास्टिकचा तांब्या, मुलगी.
जोडवी माझ्या एप्रनच्या खिशात राहिली.
अजून आहेत, गोळ्यांच्या डबीत,
तीन गोल आणि एक तुटकं.
जतचं कुणी भेटलं की विचारते.
कुठली निलव्वा, म्हणतात. आमच्या गल्लीतच चार आहेत.

खाली इलाहीभाई जवारी काढतायत.
घोडी घासायची, तार छेडायची,
मान हलवून नाही म्हणायचं, पुन्हा घासायची.
गच्चीवर त्यांचे भोपळे वाळतात सतारींचे.
संध्याकाळी माझे घोटे त्यांत सहज खपून जातील.

सत्तावीस वर्षं लोकांचे पाय धरले.
नमस्काराला नाही. नाडी शोधायला,
पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या रेषेत,
जिथे ती सापडली नाही की आपण नातेवाइकांकडे बघत नाही.
गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी
पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात.
बाराही पुरुष. बाराही जण
घरून धुऊन आलेले असतात.

पाणी निवत आलं.
वाकून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला.
दुसऱ्या कुणाचा असता तर लगेच चार्टवर चढला असता:
प्लस टू. पाय उंच ठेवा. मीठ कमी.

मीठ कमी!
एकटीच हसले, तर पाणी हललं.

आतल्या खोलीत फोन वाजतोय.
नाइटवाली कुणीतरी रजेवर असणार.
उचलायचा तर पाय काढावे लागतील, पुसावे लागतील,
फरशीवर ओले ठसे उमटवत जावं लागेल,
आणि वीस मिनिटं झाली का, हेही मला माहीत नाही,
घड्याळ लावायचं विसरले.

खड्डा हळूहळू भरून येतोय.
मी बघत बसलेय.